परदेशात रोकड उचलण्यासाठी डेबिट कार्ड कसे निवडावे?

व्यापारासाठी परदेशी जाणारा आपला माणूस आता विरळा राहिलेला नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे कापडवाले दुबईच्या देरा आणि बर दुबई भागांतील बाजारांत जातात, चीनमधील ग्वांगझू आणि केचियाओच्या कापडपेठांत नमुने पाहून येतात. जरीकाम करणारा, हिमरू विणणारा, चामड्याचे काम करणारा कारागीर प्रदर्शनाच्या निमित्ताने आखाती देशांत जातो. आणि हज-उमराहचा प्रवास तर घराघरातून होतो. या सर्वांना परक्या मुलखात एक गोष्ट हटकून लागते, ती म्हणजे हातात त्या देशाची रोकड. टॅक्सी, हमाल, छोटी खानावळ, नमुन्याचे दोन वार कापड, अशा खर्चाला अजूनही नोटाच सोयीच्या पडतात.

ही रोकड मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे आपल्या बँकेचे डेबिट कार्ड तेथील एटीएममध्ये घालणे. पण सोपा मार्ग स्वस्त असतोच असे नाही. कापडाच्या वारामागे आठ आण्यांसाठी तासभर घासाघीस करणारा व्यापारी एटीएमच्या पडद्यावर भलतेच बटण दाबून पाच सेकंदांत शेकडा आठ रुपये सोडून देतो आणि घरी आल्यावर खातेउतारा पाहून बँकेच्या नावाने बोटे मोडतो. आमच्या बाजारात हे आम्ही वारंवार पाहिले आहे. म्हणून कार्ड कसे निवडावे, त्याचा हिशोब कसा करावा आणि यंत्रासमोर काय सांभाळावे, हे आपण क्रमाने पाहू.

कार्डांचे प्रकार

परदेशात चालणारी कार्डे मुख्यतः तीन जातींची आहेत.

पहिले डेबिट कार्ड. हे आपल्या खात्याशी जोडलेले असते. जितकी रक्कम उचलाल तितकी खात्यातून वजा होते. पैसा आपला, कर्ज नाही, म्हणून व्याजाचा प्रश्न नाही.

दुसरे आगाऊ रक्कम भरलेले कार्ड. यास बाजारात फॉरेक्स कार्ड म्हणतात. निघण्यापूर्वी रुपये देऊन त्यात रियाल, दिरहम, डॉलर भरून घ्यायचे. ज्या दिवशी भरले त्या दिवशीचा भाव पक्का होतो. पुढे रुपया घसरला तरी भरलेल्या रकमेस झळ लागत नाही.

तिसरे क्रेडिट कार्ड. यावरही एटीएममधून रोकड निघते, पण ती उधार असते. दुकानातील खरेदीला जी बिनव्याजी मुदत मिळते ती रोकडीला मिळत नाही. उचलल्या दिवसापासून व्याज चालू होते. अनेक कार्डांवर ते महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक पडते, शिवाय रोकड उचलण्याचा आकार वेगळा. व्याजापासून दूर राहणाऱ्या आपल्या वाचकांनी, आणि खरे तर कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याने, रोकडीसाठी या कार्डाला हात लावू नये. हॉटेलची अनामत किंवा विमानाचे तिकीट यापुरते ते ठीक आहे, तेही बिल मुदतीत पूर्ण भरणाऱ्यालाच.

अलीकडे यूपीआयने संयुक्त अरब अमिरात, सिंगापूर, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस अशा देशांत निवडक दुकानांत पैसे देता येऊ लागले आहेत. ती सोय चांगली आहे, पण तिने दुकानदाराचे बिल भागते, हातात नोटा येत नाहीत. म्हणून रोकडीचा विचार कार्डानेच करावा लागतो.

रक्कम कोठे कोठे कापली जाते

परदेशातील एटीएममधून रोकड काढताना आपल्या पैशावर चार ठिकाणी कात्री चालू शकते. ही चार ठिकाणे ज्याला पाठ झाली त्याला कार्ड निवडणे अवघड नाही.

१) भावावरील टक्का. व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कंपन्या दररोज चलनाचा भाव ठरवतात. हा भाव ठोक बाजाराच्या जवळ असतो. त्यावर आपली बँक आपली हुंडणावळ चढवते. बँकेच्या भाषेत तिला मार्क-अप म्हणतात. ती बहुधा दोन ते साडेतीन टक्के असते. काही बँकांची काही कार्डे मात्र हा टक्का अजिबात लावत नाहीत.

२) दर खेपेचा ठरावीक आकार. तुम्ही शंभर दिरहम काढा की दोन हजार काढा, आपली बँक एका खेपेचे ठरावीक रुपये घेते. अनेक बँकांत हा आकार शंभर ते दीडशे रुपयांच्या आसपास आहे. नुसती शिल्लक पाहिली तरी थोडे पैसे लागतात. या आकारावर आणि वरच्या टक्क्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

३) यंत्राच्या मालकाचे भाडे. ज्या बँकेचे एटीएम आपण वापरतो ती परदेशी बँकही पाहुण्या कार्डाकडून पैसे मागू शकते. थायलंडमध्ये हे भाडे दर खेपेस दोनशे बाटच्या वर जाते. काही देशांत काही बँका काहीच घेत नाहीत. पैसे घेणारे यंत्र बहुतेक वेळा पडद्यावर तसे सांगते आणि संमती विचारते. नको असेल तर व्यवहार रद्द करून शेजारच्या बँकेचे यंत्र पाहावे.

४) रुपयांत हिशोब करून देण्याची गोड सूचना. सर्वांत मोठी कात्री हीच. आपले कार्ड भारतीय आहे हे यंत्र ओळखते आणि विचारते की, तुमचा हिशोब आम्ही येथेच रुपयांत करून देऊ का? समोर रुपयांचा आकडा दिसतो, माणसाला ओळखीचे वाटते, तो होकार देतो. पण हा भाव व्हिसा-मास्टरकार्डचा नसून यंत्रवाल्याने ठरवलेला असतो, आणि त्यात त्याचा व त्याच्या भागीदाराचा नफा धरलेला असतो. पाच, आठ, दहा टक्क्यांपर्यंतचा फरक यात पडू शकतो. वर काही बँका, व्यवहार रुपयांत झाला असला तरी तो परदेशात झाला म्हणून, आपला आकारही लावतात. म्हणजे एकाच रकमेवर दोनदा हुंडणावळ.

यातील पहिल्या दोन कात्र्या कार्ड निवडताना सांभाळायच्या, शेवटच्या दोन यंत्रासमोर.

एका फेरीचा हिशोब

नुसत्या टक्क्यांनी नीट उमगत नाही, म्हणून एक नमुना मांडू. एक व्यापारी आठ दिवसांसाठी दुबईला जातो. त्याला एकूण ४,००० दिरहम रोकड लागणार. हिशोबाच्या सोयीसाठी एका दिरहमचा भाव २५ रुपये धरू, म्हणजे रक्कम झाली १ लाख रुपये. त्याच्या बँकेचा मार्क-अप साडेतीन टक्के, दर खेपेचा आकार १५० रुपये आणि तेथील यंत्राचे भाडे दर खेपेस २० दिरहम धरू. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपापल्या बँकेचे आकडे घालून हाच हिशोब करावा.

पहिली रीत: रोज थोडे थोडे, म्हणजे ५०० दिरहम आठ वेळा काढले. मार्क-अप ३,५०० रुपये, आठ खेपांचा आकार १,२०० रुपये, या ४,७०० वर जीएसटी ८४६ रुपये. झाले ५,५४६. यंत्राचे भाडे १६० दिरहम, म्हणजे ४,००० रुपये. एकूण खर्च ९,५४६ रुपये.

दुसरी रीत: कार्ड तेच, पण २,००० दिरहम दोनच वेळा काढले. मार्क-अप ३,५०० रुपये, आकार ३०० रुपये, जीएसटी ६८४ रुपये. झाले ४,४८४. यंत्राचे भाडे ४० दिरहम, म्हणजे १,००० रुपये. एकूण ५,४८४ रुपये. कार्ड न बदलता नुसत्या खेपा कमी करून चार हजारांवर रुपये वाचले.

तिसरी रीत: मार्क-अप न लावणारे कार्ड, दोनच खेपा. आकार ३०० रुपये, जीएसटी ५४ रुपये, यंत्राचे भाडे १,००० रुपये. एकूण १,३५४ रुपये.

चौथी रीत: साधेच कार्ड, दोनच खेपा, पण यंत्राने देऊ केलेला रुपयांचा हिशोब मान्य केला आणि यंत्राने दिरहमला २७ रुपये लावले. भावातच ८,००० रुपये गेले. आकार, जीएसटी आणि भाडे धरून खर्च साडेनऊ हजारांच्या घरात. बँकेने आपला टक्काही लावला तर पावणेचौदा हजारांच्या पुढे. उत्तम कार्ड खिशात असूनही एका चुकीच्या बटणाने ते निकामी ठरते, ते असे.

पाचवी रीत: फॉरेक्स कार्ड. भरताना बँकेने दिरहम साडेपंचवीस रुपयांना विकला असे धरू. भावात २,००० रुपये, चलन-बदलाचा जीएसटी सुमारे १८० रुपये, दोन खेपांचा आकार आणि यंत्राचे भाडे मिळून १,४०० रुपयांच्या आसपास. एकूण साडेतीन हजारांच्या वर थोडे. कार्ड काढण्याची फी असेल तर ती वेगळी, आणि उरलेले दिरहम परत रुपयांत बदलताना होणारी तूटही वेगळी.

या पाच ओळींतून एकच गोष्ट निघते. कार्डाची खरी किंमत बँकेच्या छापील पत्रकात नसते. ती आपल्या रोकड उचलण्याच्या सवयीतून ठरते.

कोणी कोणते कार्ड घ्यावे

वर्षातून दोन-तीन वेळा परदेशी जाणारा व्यापारी असेल तर त्याने मार्क-अप न लावणारे डेबिट कार्ड शोधावे. अशा कार्डांना वार्षिक फी किंवा किमान शिल्लक ठेवण्याची अट असू शकते. वरील हिशोबात एका लाखावर चार हजारांचा फरक पडला, तेव्हा हजार-आठशे रुपयांची फी असली तरी सौदा फायद्याचा आहे. मात्र खेपेचा आकार माफ आहे की नाही, आणि शून्य मार्क-अप फक्त दुकानातील खरेदीला आहे की एटीएमलाही, हे स्पष्ट विचारावे. जाहिरातीत शून्य मोठ्या अक्षरात असते आणि एटीएमची अट बारीक अक्षरात.

जो कारागीर एकदाच जाणार आणि ज्याला दहा-बारा हजार रुपयांची रोकड लागणार, त्याने नवीन कार्डाच्या भानगडीत पडू नये. साडेतीन टक्क्यांनी त्याचे साडेतीनशे-चारशे रुपये जातील, एका खेपेचा आकार जाईल. असलेलेच कार्ड परदेशासाठी चालू करून घ्यावे आणि एकाच खेपेत रक्कम काढावी.

हज-उमराहला जाणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. पूर्वी भारतीय हज समितीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूस निघताना २,१०० रियाल हातात मिळत. २०२३ च्या हजपासून ती सक्ती राहिली नाही आणि आपल्या गरजेप्रमाणे रियाल घेण्याची जबाबदारी यात्रेकरूवर आली. वयस्क माणसाला यंत्रावर अवलंबून ठेवणे बरे नव्हे. त्यांनी बहुतेक रक्कम नोटांत आणि रियाल भरलेल्या फॉरेक्स कार्डात विभागून न्यावी, डेबिट कार्ड अडीअडचणीसाठी ठेवावे. सोबतच्या तरुण माणसाने त्यांना निघण्यापूर्वीच गावातील एटीएमवर दोन वेळा पिन घालण्याचा सराव करून द्यावा.

फॉरेक्स कार्ड घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. सौदी रियाल १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे, आणि अमिरातीचा दिरहम १९९७ पासून ३.६७२५ या दराने. म्हणून ‘डॉलर भरा, तो भक्कम असतो’ या सल्ल्यात आखातासाठी काही अर्थ नाही. रियाल, दिरहम आणि डॉलर एकत्रच चढतात-उतरतात. उलट डॉलर भरून रियाल काढले तर कार्डवाले चलन बदलण्याचा आकार घेतात. ज्या देशात जाणार त्याच देशाचे चलन भरावे.

काही देशांत मात्र कार्डाचा भरवसाच धरू नये. इराणमध्ये निर्बंधांमुळे व्हिसा-मास्टरकार्ड चालत नाहीत. रशियात या दोन्ही कंपन्यांनी मार्च २०२२ मध्ये काम थांबवले, त्यामुळे बाहेर काढलेली त्यांची कार्डे तेथे चालत नाहीत. अशा ठिकाणी नोटाच न्याव्या लागतात. चीनमध्ये मोठ्या बँकांची यंत्रे परदेशी कार्ड घेतात, पण बाजारातील रोजचा व्यवहार मोबाइलवर चालतो. अलीपे आणि वीचॅटला परदेशी कार्ड जोडण्याची सोय झाली आहे. ती निघण्यापूर्वी घरीच जोडून घ्यावी.

रुपे कार्डाविषयी गैरसमज पुष्कळ आहे. रुपेची साधी कार्डे देशातल्या वापरासाठी असतात. परदेशात चालणाऱ्या रुपे कार्डावर डिस्कव्हर किंवा डायनर्स क्लब यांची चिन्हे असतात, आणि त्या चिन्हांच्या यंत्रातच ते चालते. आपले कार्ड पालथे करून चिन्हे पाहावीत आणि बँकेत खात्री करावी.

बँकेत विचारायचे प्रश्न

बँकेच्या खिडकीवर ‘हे कार्ड परदेशात चालते का?’ एवढाच प्रश्न विचारला तर ‘चालते’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरेही लेखी किंवा ईमेलवर घ्यावीत.

१) एटीएमच्या रोकडीवर मार्क-अप किती टक्के?
२) दर खेपेचा आकार किती, आणि व्यवहार फसला तरी तो लागतो का?
३) परदेशात एका दिवसात किती रक्कम काढता येते?
४) रुपयांत झालेल्या परदेशी व्यवहारावर वेगळा आकार आहे का?
५) कार्ड हरवल्यास परदेशात दुसरे मिळते का, किती दिवसांत?
६) परदेशातून लागणारा दूरध्वनी क्रमांक कोणता? १८०० ने सुरू होणारे मोफत क्रमांक बहुधा परदेशातून लागत नाहीत. भारताच्या ९१ या संकेतांकासह लागणारा क्रमांक घ्यावा.

निघण्यापूर्वीची तयारी

रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकाप्रमाणे नवीन किंवा बदलून दिलेले कार्ड केवळ देशातील एटीएम आणि दुकानांतच चालू असते. परदेशी वापर खातेदाराने स्वतः मागून चालू करायचा असतो. हा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आला. भिवंडीचे एक गृहस्थ जेद्दा विमानतळावर तीन यंत्रे फिरले, तिन्हींनी नकार दिला. कार्ड नवे, शिल्लक भरपूर, फक्त परदेशी वापराची कळ बंद. मोबाइलचे सिमही तेथे चालत नव्हते, म्हणून ती कळ चालूही करता येईना. शेवटी सोबतच्या माणसाच्या पैशांवर त्यांना दोन दिवस काढावे लागले. निघण्याच्या आठ दिवस आधी बँकेच्या ॲपवरून किंवा शाखेतून परदेशी एटीएमचा वापर चालू करावा, मर्यादा ठरवून घ्यावी आणि परत आल्यावर तो बंद करावा.

दुसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट: दुकानाच्या चालू खात्याचे कार्ड परदेशी नेऊ नये. त्या खात्यात व्यापाऱ्याचे भांडवल असते, सूतवाल्याचे आणि कारखानदाराचे देणे असते. परक्या यंत्रात कार्डाची नक्कल झाली किंवा कोणी पिन पाहिला तर सगळे भांडवल उघड्यावर पडते. प्रवासासाठी वेगळे बचत खाते ठेवावे, त्यात फेरीपुरतीच रक्कम टाकावी. कमी पडली तर घरून मुलाने मोबाइलवरून त्यात भर घालावी. जेवढी रक्कम खात्यात, तेवढाच धोका.

तिसरी गोष्ट: दोन कार्डे न्यावीत, दोन वेगळ्या बँकांची आणि शक्यतो एक व्हिसाचे तर एक मास्टरकार्डचे. दोन्ही एका पाकिटात ठेवू नयेत. पिन कागदावर लिहून कार्डाबरोबर ठेवणे म्हणजे कुलपाला किल्ली लावून जाणे. कार्डाची मुदत पाहावी. सिमला परदेशी सेवा चालू करून घ्यावी, म्हणजे पैसे निघाल्याचा संदेश लगेच येईल. आणि पहिल्या दोन दिवसांपुरती रोकड येथूनच न्यावी. विमानतळावरील चलनवाल्यांचा भाव बहुतेक ठिकाणी हलका असतो.

यंत्रासमोर

बँकेच्या इमारतीतील किंवा भिंतीतील यंत्र निवडावे, आणि शक्य तर बँक उघडी असताना. यंत्राने कार्ड गिळले तर आत जाऊन मागता येते. यासाठी तेथील सुट्ट्या माहीत हव्यात. सौदी अरबस्तानात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी सरकारी कचेऱ्या अर्धा दिवस चालतात. किराणा दुकानाच्या कोपऱ्यातील किंवा पर्यटकांच्या गर्दीतील खासगी यंत्रे टाळावीत. त्यांचे भाडेही जास्त असते आणि रुपयांच्या हिशोबाची गळही तेथेच अधिक घातली जाते.

पडद्यावर ‘कन्व्हर्जन’ हा शब्द दिसला की थांबावे. ‘अ‍ॅक्सेप्ट कन्व्हर्जन’ म्हणजे रुपयांचा हिशोब मान्य. ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ किंवा ‘विदाउट कन्व्हर्जन’ म्हणजे अमान्य. आपण नेहमी अमान्यच करावे. नकार दिल्याने पैसे मिळणार नाहीत असे भय बाळगू नये. रोकड तीच मिळते, हिशोब मात्र आपल्या बँकेच्या भावाने होतो. दुकानात कार्ड घासतानाही हाच प्रश्न येतो. तेथे ‘दिरहममध्ये घ्या’, ‘रियालमध्ये घ्या’ असे तोंडाने सांगावे आणि पावती पाहूनच पुढे व्हावे.

पिन घालताना दुसऱ्या हाताचा आडोसा करावा. मदतीला आलेल्या अनोळखी माणसास, तो आपली भाषा बोलत असला तरी, नम्रपणे नको म्हणावे. पावती अवश्य घ्यावी.

पैसे अडकले तर

यंत्रातून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून रक्कम मात्र गेली, असे कधी कधी घडते. देशात असे झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकेला पाच दिवसांत रक्कम परत करावी लागते, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. पण ते परिपत्रक देशांतर्गत व्यवहारांपुरते आहे. परदेशातील तक्रार कार्ड कंपनीच्या नियमांनी चालते आणि तिला जास्त वेळ लागतो. म्हणून पुरावा भक्कम हवा. यंत्राचा क्रमांक, बँकेचे नाव, वेळ, पडद्याचे छायाचित्र आणि पावती जपावी. तक्रार आपल्या भारतातील बँकेकडे करावी, तेथील बँकेच्या दारात बसून राहू नये.

कोणी परस्पर पैसे काढले असतील तर घटकाभरही थांबू नये. ॲपवरून कार्ड बंद करावे आणि बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांचे तत्त्व असे आहे की, खातेदाराचा दोष नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर तोटा त्याच्यावर पडत नाही. उशीर होत जातो तशी त्याची जबाबदारी वाढते. मात्र पिन स्वतःच कोणाला दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा खातेदाराचा.

कायद्याची चौकट

डेबिट कार्डाने परदेशात काढलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत मोजली जाते. या योजनेत एका व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्यापैकी बहुतेकांना पुरून उरेल. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेपलीकडील रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करू लागली. ही मर्यादा आधी ७ लाख रुपये होती, १ एप्रिल २०२५ पासून ती १० लाख झाली. हा कर बुडत नाही, प्राप्तिकराच्या विवरणात वळता करता येतो. पण तोवर भांडवल अडकते.

नोटांची मर्यादा वेगळी आहे. सामान्य प्रवाशास एका फेरीस ३,००० डॉलरपर्यंतचे परकीय चलन नोटांत नेता येते, बाकीचे कार्डात. हज-उमराहच्या यात्रेकरूंना नोटांबाबत यातून सवलत आहे. परत आल्यावर उरलेल्या चलनापैकी २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येते, त्यावरील १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत चलनवाल्याकडे द्यावे लागते.

व्यापाऱ्यांनी एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. कार्डाने काढलेली रोकड राहण्याखाण्याची, प्रवासाची, चार नमुन्यांची. मालाच्या सौद्याची रक्कम बँकेमार्फत, आयातीच्या कागदपत्रांसह गेली पाहिजे. एटीएममधून पैसे काढून गाठींचे बिल भागवले तर पुढे जकातीत आणि प्राप्तिकरात उत्तर देणे कठीण जाते.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. कोकणातील आणि इतर भागांतील आपली पुष्कळ मंडळी आखातात नोकरीस आहेत. ‘तिकडे भाच्याकडून रियाल घेऊ, इकडे त्याच्या घरी रुपये पोचवू’ अशी बोली सर्रास केली जाते. घरातला व्यवहार वाटतो, हुंडणावळही वाचते. पण रुपयांत परतफेड ठरवून तिकडे चलन घेणे १९९९ च्या फेमा कायद्यात बसत नाही. रक्कम लहान असो वा मोठी, चौकशी लागली तर घेणारा आणि देणारा दोघेही अडचणीत येतात, आणि भाच्याच्या नोकरीवरही त्याची छाया पडू शकते. नीट निवडलेले कार्ड एका लाखामागे हजार-दीड हजारात काम भागवत असेल, तर एवढ्या बचतीसाठी घरच्या माणसाला गोत्यात घालणे शहाणपणाचे नाही.

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बंधूंनी पुढच्या फेरीआधी एक दिवस काढावा. गेल्या फेरीचा खातेउतारा समोर घ्यावा, प्रत्येक खेपेपुढे मार्क-अप, आकार आणि जीएसटी किती गेला ते लिहावे. यंत्राचे भाडे बहुधा काढलेल्या रकमेतच मिसळलेले असते, तेव्हा उताऱ्यातील आकडा आणि हातात आलेल्या नोटा ताडून पाहाव्यात. बेरीज एकूण रोकडीच्या दोन टक्क्यांच्या आत असेल तर आहे तेच कार्ड चालू ठेवावे. त्यापेक्षा जास्त असेल तर आधी खेपा कमी करून पाहाव्यात, आणि तरीही भागले नाही तर वरील सहा प्रश्न घेऊन दुसऱ्या बँकेची पायरी चढावी.